टॉवरची तीन तोंडे

गेवराई तालुक्यातील पुष्कळ माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. म्हातारी माणसे नि लेकरे मागे घरी राहतात. "आई, पोराचा ताप उतरला का?" एवढे फोनवर विचारता आले, की जीव थाऱ्यावर येतो. पण कधी कधी फोनच लागत नाही. असे का होते?

गावाजवळचा टॉवर नीट पाहा. वरच्या बाजूला लांबट, उभे डबे दिसतात. त्यांना अँटेना म्हणतात.

अंगणात कंदील ठेवला, तर उजेड चहूकडे पडतो. पण लांब जात नाही. बॅटरीचा झोत एकाच बाजूला पडतो. पण पार बांधापर्यंत पोचतो. हे अँटेना बॅटरीसारखे असतात. त्यांचा झोत रेडिओ लहरींचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही.

एका झोताने सगळी गावे कशी भागणार? म्हणून बहुतेक टॉवरना तीन तोंडे ठेवतात. गेवराईच्या टॉवरचे एक तोंड गोदावरीकडे आहे असे समजा. मग दुसरे माजलगावच्या अंगाला, तिसरे पाथर्डीच्या अंगाला. प्रत्येकाच्या वाट्याला रानाचा तिसरा हिस्सा.

याचा आणखी एक फायदा आहे. जत्रेला एकच दार असेल, तर रेटारेटी होते. तीन दारे असली, तर माणसे सुखाने जातात. तसेच तीन तोंडांमुळे एका वेळी जास्त माणसांना बोलता येते. बोलत बोलत तुम्ही दुसऱ्या बाजूला गेलात, तर तिकडचे तोंड तुमचे बोलणे आपल्याकडे घेते.

आता मुद्द्याची गोष्ट. तीनांपैकी एकच तोंड बिघडले, तर त्याच बाजूची गावे मुकी होतात. शेजारच्या गावात मात्र फोन चालू असतो. लोक म्हणतात, "टॉवर तर चालू आहे!" अशा वेळी गप्प बसू नका. फोन लागेल तिथे जा. १९८ हा आकडा लावा. आपले गाव सांगा. गाव टॉवरच्या कोणत्या बाजूला आहे, फोन कधीपासून बंद आहे, तेही सांगा. तक्रारीचा नंबर मागून घ्या.

तो नंबर वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते!

रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा लागतो. त्या वेळी आपल्या बाजूचे तोंड चालू हवे.

प्रश्न
१. अँटेना कंदिलासारखा की बॅटरीसारखा? का?
२. शेजारच्या गावात फोन लागतो, आपल्या गावात नाही. काय झाले असेल?
३. तक्रार करताना कोणत्या गोष्टी सांगाल?