लिनक्सचे त्रुटिसंदेश : चूक कोणत्या पातळीवरची?

शब्द, वाक्यरचना आणि अर्थ या भाषेच्या तीन पातळ्या आपण अभ्यासल्या आहेत. लिनक्सच्या टर्मिनलवर टंकलेली आज्ञा हेही वाक्यच होय. ते वाचणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेल' म्हणतात. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेला 'बॅश' हा त्यांतील सर्वपरिचित शेल. त्याचा त्रुटिसंदेश हा ठपका नसून निदान असते.

(अ) शब्द : 'डेट' या आज्ञेतील एक अक्षर गळाल्यास 'कमांड नॉट फाउंड' असे उत्तर येते. शेलला तो शब्दच ठाऊक नसतो.

(आ) वाक्यरचना : दोन आज्ञांमध्ये एका उभ्या रेघेऐवजी, जागा सोडून, दोन दिल्यास 'सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन' असा संदेश येतो. शब्द परिचित, पण अन्वय जुळत नाही. संदेशातील चिन्ह वाचन कोठे अडले ते दाखवते. मूळ चूक पुष्कळदा त्याआधी असते.

(इ) अर्थ : फाइलचे नाव 'माझे धडे' असताना अवतरणचिन्हांविना 'कॅट माझे धडे' टंकल्यास 'कॅट' दोन फाइली शोधतो व 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असे दोनदा कळवतो. व्याकरण शुद्ध असते, निर्देश चुकतो. नाव अवतरणचिन्हांत घालावे. अवतरण बंद करायचे राहिल्यास मात्र केवळ '>' दिसते : वाक्य अपूर्ण आहे. अशा वेळी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबाव्यात.

स्वयंअध्ययन प्रश्न : वरीलपैकी कोणती चूक काटेकोर अर्थाने वाक्यरचनेची आहे? सकारण लिहा.