भाटघर ते पुणे, फायली लगोलग

प्रश्न : भाटघरच्या आमच्या कार्यालयातल्या सर्व्हरवरच्या फायली पुण्याच्या सर्व्हरवर तत्काळ जायला हव्यात. दर तासाचं आरसिंक अपुरं पडतं. काय करावं?

उत्तर : दोन्हीकडे लिनक्स असेल तर एलसिंकडी बसवा. फाईल बदलली की कर्नलमधलं आयनोटिफाय वर्दी देतं आणि एलसिंकडी आरसिंकला कामाला लावतो. मुळात 15 सेकंद थांबतो. ते 1 करा. भाटघरला शेजारीच वीजघर असलं तरी वीज जायची ती जातेच. पण वीज आल्यावर पुन्हा सुरू होताना एलसिंकडी आधी सगळं जुळवून घेतो.

पण ही वाट एकेरी. पुण्यातही फायली बदलत असतील तर सिंकथिंग बरं. डेटाबेसच्या चालू फायली मात्र यातून मुळीच पाठवू नका, त्याला त्याचं स्वतःचं रेप्लिकेशन असतं. आणि बॅकअप वेगळा ठेवा : इथे चुकून पुसलेली फाईल तिकडेही पुसली जाते.