गोगलगायीला दात असतात का?

प्रश्न : सोयाबीनची कोवळी रोपं एका रात्रीत कुरतडलेली दिसतात. इतकी मऊ गोगलगाय पानं खाते तरी कशी? – एक शेतकरी, लातूर

उत्तर : दातांनीच, आणि तेही हजारो! तोंडात वरच्या बाजूला एक कडक जबडा असतो. त्याखाली कायटिनची दातेरी पट्टी असते, ती म्हणजे रॅड्युला. कानशीसारखी ही पट्टी जिभेगत पुढे येते, पान खरवडते आणि कण आत ओढते. पुढचे दात झिजतात, तसे मागून नवे सरकत येतात, आणि हे आयुष्यभर चालतं. मला ही रचना फार विलक्षण वाटते.

शंखी गोगलगायी मुख्यतः रात्री चरतात. म्हणून रोपं वाचवायची असतील, तर संध्याकाळी बांधालगत ओली गोणपाटं अंथरा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालूनच वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा.