गावसकर सर्वश्रेष्ठ काय?

सरासरीच मोजायची तर वाद संपला: ब्रॅडमन ९९.९४, गावसकर ५१.१२. मात्र सलामीवीरांत गावसकरच पहिला, असे आमचे मत. हॉब्ज-हटनचे भक्त रागावोत! १९७१ च्या मालिकेतील ७७४ धावांचे आपल्याकडे फार कौतुक. पण वेस्ट इंडीजचा तो भेदक वेगवान मारा तेव्हा घडायचा होता. खरा पुरावा १९८३ च्या दिल्ली कसोटीतला. मार्शल-होल्डिंगसमोर १२१ धावा, आणि ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी! तिथे वेग होता. मार्च १९८७ मध्ये बंगलोरला फिरकीचा आखाडा. पाकिस्तानविरुद्ध २२१ धावा हव्या होत्या. अखेरच्या कसोटी डावात त्याने ९६ काढल्या. भारत १६ धावांनी हरला. दुसऱ्या एकाही फलंदाजाला तिशी गाठता आली नाही.