'नॉइज' ह्या इंग्रजी शब्दाविषयीं

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या कित्येक वाचकांस 'नॉइज' हा शब्द सोपा वाटतो. गुरुजी त्याचा अर्थ 'आवाज' असा सांगून पुढें जातात, आणि चूक येथेंच होते. मराठींत 'आवाज करूं नका' असें आपण म्हणतों, तसें 'तिचा आवाज गोड आहे' असेंही म्हणतों. पहिल्या ठिकाणीं 'नॉइज' चालेल. दुसऱ्या ठिकाणीं तो घातला तर स्तुतीची निंदा होईल. माणसाच्या कंठाचा तो 'व्हॉइस', कानास कळणारा कोणताही ध्वनि तो 'साउंड', आणि ऐकणाऱ्यास नकोसा झालेला ध्वनि तो 'नॉइज'. म्हणजे ह्या शब्दाचा निम्मा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनांत असतो. लग्नघरचा ताशा वऱ्हाड्यांस गोड लागतो; शेजारीं तापानें फणफणलेल्या रोग्यास तोच नॉइज होय.

हा शब्द १३ व्या शतकांत जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला. तेथें त्याचा अर्थ कलह, आरडाओरड असा होता, आणि कुरापत काढणें ह्या अर्थाच्या एका वाक्प्रचारांत तो फ्रेंचांत अद्याप जिवंत आहे. पुष्कळ पंडित त्याचें मूळ लॅटिन 'नॉसिया' म्हणजे बोट लागणें, मळमळ, ह्या शब्दांत पाहतात. वादळांत सांपडलेल्या बोटीवरील उतारूंची ओरड ज्यानें ऐकली असेल त्यास हें नातें दूरचें वाटणार नाहीं.

पूर्वीं मात्र ह्या शब्दाला नेहमींच वाईट अर्थ नसे. १७ व्या शतकाच्या सुमारास वाजंत्र्यांच्या ताफ्यासही इंग्रज लोक 'नॉइज' म्हणत. १६११ च्या इंग्रजी बायबलांत शंभराव्या स्तोत्राच्या आरंभीं हाच शब्द देवापुढील आनंदघोषास योजला आहे. तेथें 'गोंगाट' असा अर्थ करणें सर्वस्वीं चूक. मूळ इब्री शब्दाचा भाव आपल्या 'जयघोष', 'गजर' ह्या शब्दांत नीट उतरतो. आपल्या 'गोंधळ' शब्दाकडेच पाहा. तो देवीच्या नांवें रात्रभर चालणारा गायनाचा विधि. आणि त्याच शब्दानें पंतोजी वर्गांतील मुलांस दटावितात!

त्याच बायबलांत, मार्काच्या २ ऱ्या अध्यायाच्या आरंभीं, ह्याचें क्रियापद आहे. त्याचा अर्थ बातमी षट्कर्णी होणें. आपला 'बोभाटा' शब्द त्याच्या जवळ येतो. परंतु ९१ व्या स्तोत्रांतील 'नॉइसम' ह्या विशेषणाचा ध्वनीशीं कांहीं संबंध नाहीं. तें 'अनॉय' म्हणजे पीडा देणें ह्या धातूपासून झालें असून त्याचा अर्थ घातक असा आहे. तेथें मरीचें वर्णन आहे. तिला 'आवाज करणारी मरी' म्हणून शिकविणाऱ्यानें ऐकणाऱ्यांस फसविलें असें होईल. उपदेशकांनीं इंग्रजी पुस्तक हातीं घेतांना हें एवढें अवश्य ध्यानांत ठेवावें.

शास्त्रज्ञांचा नॉइज आणखी निराळा. हव्या त्या संदेशांत मिसळणारें जें नको तें, मग तें ऐकूं येवो वा न येवो, त्यास ते नॉइज म्हणतात. १९२८ सालीं जॉन्सन ह्यांनीं दाखविलें कीं, तारेंतील उष्णतेमुळेंच विजेची एक बारीक खरखर उत्पन्न होते. १९६४ सालीं अमेरिकेंत पेंझियस व विल्सन ह्यांच्या आकाशलहरी टिपणाऱ्या शिंगासारख्या यंत्रांत एक खरखर सर्व दिशांनीं सारखी येऊं लागली. आंत पारवे राहत होते; त्यांची विष्ठा पुसून काढली तरी खरखर राहिलीच. ती विश्वाच्या आरंभकाळच्या उष्णतेचा अवशेष ठरली, आणि १९७८ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. एकाचा नॉइज तोच दुसऱ्याची वार्ता, तें असें.

भारत सरकारच्या २००० सालच्या नियमांत मात्र शब्दाचा जुनाच अर्थ आहे. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. लेखी परवानगीवांचून ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं; रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत तो बंदिस्त सभागृहाबाहेर मना आहे. सणांसाठीं राज्य सरकार वर्षांतून फार तर १५ दिवस रात्रीं १२ पर्यंत सूट देऊं शकतें. देवळावरचा, मशिदीवरचा आणि आमच्या उपासनामंदिरावरचा कर्णा असा भेद ह्या नियमांत केलेला नाहीं.