उन्हाचा दाह आणि मलमाची मात्रा

उन्हात राबणाऱ्या माणसाला खाज सुटली की घरात एकच उत्तर मिळते, 'घामोळे असेल, जाईल.' परंतु चेहरा, मानेची मागची बाजू, गळ्याखालचा उघडा भाग व हातांची पाठ येथे महिनोन्महिने खाज राहते, कातडी जाड व काळपट होते आणि सदऱ्याखालची त्वचा मात्र चांगली असते, तेव्हा कारण उन्हात शोधावे लागते. या जुनाट विकारास वैद्यकशास्त्रात 'क्रॉनिक ॲक्टिनिक डर्मटायटिस' म्हणतात. तो बहुधा पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत आढळतो. तो संसर्गजन्य नाही. म्हणून रुग्णाला दूर बसविणे हा निव्वळ अन्याय होय.

आपल्याकडे त्यास गाजरगवताची जोड आहे. १९५५च्या सुमारास हे गवत पुणे परिसरात प्रथम नजरेस आले व पुढे देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या कणांबरोबर हवेतून उघड्या त्वचेवर बसते. अशा ॲलर्जीच्या काही रुग्णांना पुढे ऊनही सोसत नाही.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे बचाव : लांब बाह्यांचा सदरा, टोपी किंवा उपरणे, आणि गवतापासून अंतर. काचेतूनही काही अतिनील किरण आत येतात, हे खिडकीशी बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी मलमाची. स्टेरॉइड मलमाने दाह लवकर शमतो. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. मात्र तीव्र मलम चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात. अशा ठिकाणी डॉक्टर टॅक्रोलिमस मलम देऊ शकतात. त्याने आरंभी थोडी आग होते, पण त्वचा पातळ होत नाही. आजार हटत नसेल तर पोटात घेण्याची औषधे लागतात. ती रक्ततपासणीसह डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतील कारकून आहोत. तरीही विद्यार्थी मित्रांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, गोरे होण्यासाठी मित्राने सुचविलेले मलम तोंडास फासू नका. त्यात स्टेरॉइड असू शकते. २०१८ साली शासनाने अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली, ती याच दुरुपयोगामुळे. घरातील वडीलधारे उन्हात कामाला जात असतील, तर त्यांची मान व हात आजच पाहा आणि चट्टे दिसल्यास त्यांना सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात घेऊन जा.