दैव की गुणवत्ता?

धाड हे बुलढाणा जिल्ह्यातील एक गाव. हा जिल्हा विदर्भात मोडतो. त्यामुळे विदर्भाच्या क्रिकेट संघाविषयी येथील मुलांना आपुलकी वाटते. एके दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत मोठा वाद माजला. एक मुलगा म्हणाला, "विदर्भाला रणजी करंडक मिळाला तो केवळ नशिबाने." दुसरा चिडून म्हणाला, "मुळीच नाही! ते खेळाडूंचे कसब होते." अखेर दोघेही गुरुजींकडे गेले.

गुरुजी म्हणाले, "रागावण्यापूर्वी हकीकत पाहू. विदर्भाचा संघ या स्पर्धेत प्रथम १९५७-५८ साली उतरला. पुढे साठ वर्षे त्याला अंतिम सामना गाठता आला नाही. २०१७-१८ साली मात्र फैज फझल यांच्या नेतृत्वाखाली त्याने इंदूर येथे दिल्लीला नमवून करंडक जिंकला. त्या सामन्यात रजनीश गुरबानी यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. चंद्रकांत पंडित हे संघाचे प्रशिक्षक होते."

"पण गुरुजी, त्याआधी कर्नाटकाविरुद्धचा उपान्त्य सामना अवघ्या ५ धावांनी जिंकला होता!" पहिला मुलगा म्हणाला.

"खरे आहे. एखादा चौकार अधिक जाता, तरी निकाल डळमळला असता. तेवढा दैवाचा वाटा मान्य केलाच पाहिजे. एका विजयावरून गुणवत्ता सिद्ध होत नाही."

दुसऱ्या मुलाचा चेहरा उतरला. तेव्हा गुरुजींनी खडू उचलला. "त्या वर्षी स्पर्धेत २८ संघ होते व पुढच्या वर्षी ३७. विजेता केवळ दैवाने ठरत असता, तर ते मडक्यातून चिठ्ठी काढण्यासारखे झाले असते. आधी २८ चिठ्ठ्यांतून व मग ३७ चिठ्ठ्यांतून विदर्भाचीच चिठ्ठी निघणे, हे २८ गुणिले ३७, म्हणजे १०३६ खेपांत सरासरीने एकदाच घडेल. परंतु २०१८-१९ साली विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला! आदित्य सरवटे यांनी त्या सामन्यात ११ गडी बाद केले."

"मग २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईने १६९ धावांनी हरवले, तेव्हा ते गुण कोठे गेले?" पहिल्याने विचारले.

"गुणी संघही हरतो, बाळा. एका विजयाने गुण सिद्ध होत नाहीत, तसे एका पराभवाने ते नाहीसेही होत नाहीत. पुढच्याच वर्षी उपान्त्य सामन्यात विदर्भाने त्याच मुंबईला ८० धावांनी हरविले. मग नागपूर येथील अंतिम सामना अनिर्णित राहिला. पण पहिल्या डावात केरळावर ३७ धावांची आघाडी असल्याने करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला."

पहिला मुलगा क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे एक सामना दैव जिंकून देईल, पण वर्षानुवर्षे साथ देतात ते गुणच."

गुरुजी हसले. "आणि दुसऱ्याच्या यशाला नशीब म्हणण्यापूर्वी त्याची सारी वाटचाल पाहावी, हेही ध्यानात ठेवा."

स्वाध्याय

१. गुरुजींनी चिठ्ठ्यांचे उदाहरण कशासाठी दिले?
२. ५ धावांच्या विजयात दैवाचा वाटा आहे, असे गुरुजींनी का मान्य केले?
३. तुमच्या शाळेच्या एखाद्या संघाचे यश दैवाचे की गुणांचे, हे ठरविण्यासाठी कोणती माहिती लागेल ते लिहा.